गिर्यारोहण साहित्याची निवड व खरेदी-विक्री (कोकण)

कातळ, सुळका किंवा बर्फाचा उतार चढता-उतरताना माणसाला धरून ठेवणारी साधने पारखून घेणे, वापरलेली विकणे आणि ती कधी बाद करायची हे ठरवणे, असा या व्यवहाराचा आवाका आहे. दोर, हार्नेस (कमरेला व मांड्यांना बांधायचा पट्टा), हेल्मेट, कॅराबिनर (फाटक असलेली धातूची कडी), बिले (चढणाऱ्याचा दोर सांभाळणे) व रॅपलिंग (दोरावरून उतरणे) यांची साधने, स्लिंग (पट्टीचा फास), बूट आणि बोल्ट (कातळात बसवायची धातूची मेख) ही त्यातली मुख्य साधने. हिमालयात स्कीइंगला जाणाऱ्यांसाठी स्की, बाइंडिंग (बूट स्कीला जोडणारा खटका), बूट आणि बीकन (हिमस्खलनात गाडलेल्याला शोधायचे रेडिओयंत्र) यांची भर पडते. कोकणात खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांमुळे या व्यवहाराचे निकष बदलतात. इथे बरेचसे साहित्य कड्यावर झिजण्याआधी घरात ठेवल्या जागीच खराब होते. म्हणून वापरलेली वस्तू घेताना ‘किती वेळा वापरली’ याच्या आधी ‘कुठे ठेवली होती’ हे विचारावे लागते.

खडक आणि हंगाम

उत्तर कोकणातली चढाई मुख्यतः बेसाल्टवर होते. माहुलीजवळचा वजीर, पनवेलजवळचा कर्नाळा, ढाकजवळचा कळकराय, महाडच्या बाजूचा लिंगाणा हे नावाजलेले सुळके. बेलापूरच्या कातळांवर मुंबई-ठाण्याची मंडळी सराव करतात. नवी मुंबईत २०१६ आणि २०१७ मध्ये बोल्डरिंगची (दोराशिवाय कमी उंचीच्या चढाईची) विश्वचषक स्पर्धाही झाली. बेसाल्टच्या कडा दोराचे आवरण खरवडतात, तर भेगा बऱ्याचदा मातीने भरलेल्या आणि ढिसूळ असतात. त्यामुळे परदेशी यादी पाहून नट आणि कॅमचा (भेगांत अडकवायच्या धातूच्या आधारांचा) पूर्ण संच आधी विकत घेणे इथे फारसे उपयोगाचे नाही. तोच पैसा चांगला जाड दोर, दोराखाली घालायची जाड कापडी खोळ आणि जास्तीच्या टेप स्लिंग यांवर घालावा.

रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या किनारपट्टीत जांभा आहे. तो सच्छिद्र आणि ठिसूळ असतो, आणि त्याची तांबडी रेव दोराच्या विणीत शिरून आतून धागे कापत राहते. जांभ्यावर सराव करणाऱ्यांनी दोर जमिनीवर न टाकता ताडपत्रीवर किंवा दोराच्या पिशवीत ठेवावा.

चढाईचा हंगाम साधारण ऑक्टोबरअखेर सुरू होतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतो. जून ते सप्टेंबर धबधब्यांवरचे रॅपलिंग चालते. वापरलेले साहित्य घ्यायचे असेल तर पावसाआधी, मे महिन्यात घेणे बरे. ऑक्टोबरमध्ये विक्रीला येणारी वस्तू चार महिने दमट खोलीत पडून राहिलेली असू शकते.

कुठे मिळते, काय मिळते

खास दुकाने मुंबई, ठाणे आणि पुण्यात आहेत. डेकॅथलॉनच्या मोठ्या दुकानांत सिमाँ या नावाचे साहित्य मिळते. चिपळूण, कुडाळ, मालवणकडचे लोक बहुधा कुरिअरने मागवतात. दोर, कॅराबिनर, स्लिंग अशा ठरीव मापाच्या वस्तू मागवायला हरकत नाही. बूट आणि हार्नेस मात्र अंगावर घालून पाहिल्याशिवाय घेऊ नयेत. दुकानात हार्नेस घालून पाच-दहा मिनिटे दोराला लटकून पाहावे. मांडीच्या पट्ट्या काचतात का आणि कमरेचा पट्टा बरगड्यांकडे सरकतो का, हे नुसते उभे राहून कळत नाही.

स्थानिक बाजारात दोन ठिकाणी हमखास फसगत होते. पहिले ठिकाण म्हणजे बंदरावरची दोरखंडांची दुकाने. हर्णै, मिरकरवाडा, मालवण इथे मच्छीमारीचा दोर स्वस्तात आणि हव्या त्या लांबीचा मिळतो. तो बहुतेक वेळा पॉलीप्रॉपिलीनचा असतो: पाण्यावर तरंगतो, जाळ्याला उत्तम. पण पडणाऱ्याचा धक्का तो शोषत नाही, उन्हाने लवकर कुजतो आणि सुमारे १६५ अंश सेल्सिअसला वितळतो. रॅपलिंगमध्ये घर्षणाने तापलेले साधन त्यावर थांबले तर वरचा थर चिकटतो. बोटीवरचे स्टेनलेस हुक आणि शॅकल दिसायला कॅराबिनरसारखे असले तरी चढाईसाठी तपासलेले नसतात.

दुसरे ठिकाण म्हणजे लोटे, महाड, रोहा अशा औद्योगिक वसाहतींजवळची ‘सेफ्टी’ची दुकाने. तिथला पूर्ण अंगाचा पट्टा आयएस ३५२१ या भारतीय मानकाचा असतो. मचाणावरच्या कामगारासाठी तो योग्य आहे. पण त्याची मुख्य कडी पाठीवर असते, त्यामुळे आघाडीला (सगळ्यांच्या पुढे, दोर खालून नेत) चढताना दोर समोरून बांधता येत नाही. तिथल्या हेल्मेटचाही हाच घोटाळा आहे. युरोपच्या औद्योगिक मानकात, म्हणजे ईएन ३९७ मध्ये, हनुवटीचा पट्टा १५० ते २५० न्यूटनला (दहा न्यूटन म्हणजे साधारण एक किलोचा भार) सुटावा अशी रचना असते, म्हणजे कामगार अडकून गळफास बसत नाही. गिर्यारोहणाच्या ईएन १२४९२ मध्ये तोच पट्टा किमान ५०० न्यूटनपर्यंत धरून राहावा लागतो. माणूस गडगडत असताना दुसऱ्याच आपटीला हेल्मेट उडून जाऊ नये, हा त्यामागचा हेतू.

दोर

सगळ्यात महागाची आणि सगळ्यात चुकीची निवडली जाणारी वस्तू म्हणजे दोर. लवचीक, म्हणजे डायनॅमिक दोर ईएन ८९२ मानकाचा असतो. त्यातला एकाच पदराने वापरायचा, म्हणजे एकेरी दोर ८० किलो वजनाचे प्रमाणित पतन किमान ५ वेळा सोसतो आणि पहिल्या पतनात अंगावर येणारा धक्का १२ किलोन्यूटनपेक्षा कमी ठेवतो. रॅपलिंग, बचावकार्य आणि स्थिर दोरासाठी ईएन १८९१ मानकाचा स्टॅटिक दोर असतो. त्याच्या ‘अ’ प्रकाराची ताकद किमान २२ किलोन्यूटन असते. एक किलोन्यूटन म्हणजे साधारण १०० किलोचा भार. स्टॅटिक दोराचा आकडा पाहून तोच जास्त ‘मजबूत’ वाटतो आणि आघाडीच्या चढाईलाही तोच वापरला जातो. तो ताणला जात नाही. म्हणून पतनाची सगळी ऊर्जा कंबर, बोल्ट आणि बिले देणाऱ्यावर येते. दोर शाबूत राहतो, बाकीचे तुटते.

सह्याद्रीतल्या सुळक्यांसाठी १० मिमीच्या आसपासचा, ६० मीटर लांबीचा एकेरी डायनॅमिक दोर हा समजूतदार पर्याय आहे. ९ मिमीचे हलके दोर खरखरीत बेसाल्टवर लवकर फाटतात. आपल्याकडे अजून फुटांत बोलण्याची सवय असल्याने हिशेब लक्षात ठेवावा: ६० मीटर म्हणजे १९७ फूट, आणि दुहेरी करून उतरताना हाती फक्त ९८ फूट उरतात. गाठींना आणखी काही फूट जातात. धबधब्यासाठी ‘ड्राय’ प्रक्रिया केलेला दोर घेतला तर तो पाणी कमी पितो. नायलॉन भिजल्यावर त्याची धक्का सोसण्याची क्षमता बरीच घटते आणि दोर जडही होतो.

वापरलेला दोर घेताना तो हात-हात करून पूर्ण तपासावा. डोळे मिटून बोटांनी चाचपले तर दोष लवकर सापडतात. एखाद्या जागी दोर चपटा लागतो, दुमडला तर तिथे गोलाई न येता टोकदार वळण पडते: आतला गाभा तुटल्याची ही खूण. आवरण गाभ्यावर सरकत असेल किंवा एखादा भाग वाळलेल्या वेलीसारखा ताठ झाला असेल तरी तो घेऊ नये. त्यानंतर टेपने दोर मोजावा. हे बरेच जण करत नाहीत. झिजलेले टोक मालकाने कापलेले असते. ६० मीटरचा दोर ५४ मीटरचा होतो आणि मधली खूण मध्यावर राहत नाही. तिच्या भरवशावर उतरणारा माणूस जमिनीच्या आधीच दोराच्या टोकाला पोचतो. लांबी काहीही असो, दोन्ही टोकांना गाठ हवीच. नवी खूण साध्या मार्कर पेनाने करू नये, शाईतल्या द्रावकाने धागा कमकुवत होऊ शकतो. दोरासाठी तपासलेली शाईच वापरावी.

इन्व्हर्टर

कोकणात वीज जाते म्हणून घरोघरी इन्व्हर्टर आहे, आणि त्याची बॅटरी जिन्याखाली किंवा माळ्यावर, नेमकी अडगळीच्या जागी असते. साहित्याची पिशवीही तिथेच ठेवली जाते. शिसे-आम्ल बॅटरी चार्ज होताना गंधकाम्लाचे सूक्ष्म कण हवेत येतात, पाणी भरताना थेंबही उडतात. हे आम्ल नायलॉनची रेणुसाखळी तोडते. दोर किंवा हार्नेसवर डाग पडेलच असे नाही. रंग तसाच, शिवण तशीच, आणि भार आला की पट्टा कागदासारखा फाटतो. हा दोष नजरेला दिसत नाही. विकणाऱ्याच्या घरी जाऊन साहित्य ठेवण्याची जागा प्रत्यक्ष पाहावी. बॅटरीशेजारी ठेवलेले कापडी साहित्य फुकट मिळाले तरी घेऊ नये. चारचाकीच्या डिकीत, जीपच्या टपावर डिझेलच्या कॅनजवळ वाहून नेलेल्या दोरालाही हाच नियम लावणे शहाणपणाचे.

धातूची साधने

साध्या कॅराबिनरवर तीन आकडे कोरलेले असतात: लांबीच्या दिशेने किमान २०, आडव्या दिशेने ७ आणि फाटक उघडे असताना बहुधा ७ किलोन्यूटन. त्यासोबत सीई खूण (युरोपीय नियम पाळल्याची) आणि चार अंकी क्रमांक असतो. तो क्रमांक उत्पादनावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेचा. नुसते सीई कोरून पुढे क्रमांक नसेल तर शंका घ्यावी. पेट्झल या फ्रेंच कंपनीने आपल्या क्रोल आणि असेन्शन या दोरावरून वर चढायच्या साधनांच्या हुबेहूब नकला सापडल्याचा जाहीर इशारा पूर्वी दिलेला आहे, त्यामुळे नुसत्या दिसण्यावर विसंबता येत नाही. बिल आणि सोबतची माहितीपत्रिका मागून घ्यावी.

वापरलेल्या वस्तूंत धातूची वस्तू घेणे त्यातल्या त्यात सुरक्षित. दोराने पडलेला घळ १ मिमीपेक्षा खोल किंवा धारदार असेल तर ती बाद. किनाऱ्यावरच्या ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी दिसते. ती पुसून खाली गुळगुळीत पृष्ठभाग लागला तर ठीक, खड्डे लागले तर नाही. बिजागरीच्या रिव्हेटपाशी आणि स्प्रिंगच्या खाचेत खार बसतो. फाटक सोडल्यावर स्वतःहून, आवाज करत मिटले पाहिजे. ते अडत असेल तर कोमट गोड्या पाण्यात धुऊन, वाळवून कोरडे वंगण घालावे. खोबरेल किंवा शिलाई मशीनचे तेल घालण्याची घरगुती रीत घातक आहे. तेलावर रेव चिकटते आणि दोन आठवड्यांत फाटक पुन्हा अडते. समुद्राचे पाणी लागलेली प्रत्येक वस्तू त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवावी, सावलीत वाळवावी.

स्लिंग, दोरी आणि बूट

नायलॉन किंवा डायनीमा (एक मजबूत कृत्रिम धागा) यांच्या शिवलेल्या स्लिंगची ताकद २२ किलोन्यूटन असते. डायनीमा बारीक आणि हलका, पण सुमारे १४५ अंशाला वितळतो आणि त्यात मारलेली गाठ सरकते. गाठ मारून वापरायची असेल तर नायलॉनच घ्यावा. प्रुसिकसाठी (दोरावर आवळून धरणाऱ्या गाठीसाठी) ६ मिमीची दोरी (७.२ किलोन्यूटन) १० मिमीच्या दोरावर चांगली धरते. या सगळ्या वस्तू नव्याच घ्याव्यात, कारण वाचणारा पैसा अगदीच थोडा असतो. कापडी साहित्य न वापरताही जुने होते. बहुतेक उत्पादक निर्मितीपासून १० वर्षे ही कमाल मर्यादा देतात. दमट किनाऱ्यावर त्याच्या आतच निर्णय घ्यावा.

चढाईचे बूट दुपारनंतर, पाय थोडे सुजलेले असताना घालून पाहावेत. अस्तर नसलेले चामडे सैल पडते, कृत्रिम कापड फारसे नाही. ट्रेकिंगच्या जुन्या बुटांचा वेगळाच धोका असतो. त्यांच्या तळव्यातले पॉलीयुरेथेन हवेतल्या ओलाव्याने विघटित होते; कपाटात नवेकोरे दिसणारे बूट पहिल्याच उतारावर तळवा सोडतात. घेण्यापूर्वी तळव्याच्या कडेत अंगठ्याचे नख जोरात रोवावे. खपली पडली किंवा चिकट लागले तर परत करावेत. जुने तंबू आणि पावसाळी जाकिटे आतून चिकट होऊन कुबट वास येतो, तोही याच कारणाने.

बोल्ट

संस्थांनी सुळक्यांवर ठोकायला बोल्ट घेताना धातू आधी पाहावा. साध्या पोलादाच्या बोल्टवर स्टेनलेस हँगर (कॅराबिनर अडकवायची पट्टी) लावला तर खाऱ्या ओलाव्यात पोलाद झपाट्याने गंजते. दोन्ही एकाच धातूचे हवेत. समुद्राला लागून असलेल्या कड्यांवर स्टेनलेससुद्धा पुरत नाही. क्लोराइडमुळे त्यात ताणाखाली सूक्ष्म तडे जातात आणि वरून चकचकीत दिसणारा बोल्ट हाताच्या झटक्याने तुटू शकतो. थायलंडच्या किनाऱ्यावर हे घडल्यानंतर तिथे टायटॅनियमचे, रसायनाने चिकटवलेले बोल्ट बसवले गेले. जांभ्यात भोकात फुलून घट्ट बसणारा बोल्ट भरवशाचा नाही, कारण भोवतीचा दगडच चुरतो.

विक्री

विकणाऱ्याने वस्तूसोबत एक चिठ्ठी द्यावी: निर्मितीचे व खरेदीचे वर्ष, मोठी पतने झाली का, कुठे ठेवली, समुद्राचे पाणी लागले का. हार्नेस आणि हेल्मेट विकूच नयेत. फोमच्या हेल्मेटला आतून पडलेली चीर बाहेरून दिसत नाही. बाद दोर अख्खा कुणाला देऊ नये; दोन-दोन मीटरचे तुकडे करावेत, म्हणजे तो गुरे बांधायला आणि कपडे वाळत घालायला जाईल, पण पुन्हा कड्यावर जाणार नाही.

स्कीइंगचे साहित्य

कोकणातून गुलमर्ग, औली किंवा सोलंगला जाणाऱ्या नवशिक्याने स्की, बाइंडिंग आणि बूट तिथेच भाड्याने घ्यावेत. खाऱ्या हवेत स्कीच्या पोलादी कडा गंजतात आणि चढाईच्या स्किनचा (स्कीखाली चिकटवायच्या पट्टीचा) गोंद उष्णतेने पातळ होऊन कापडात जिरतो. प्लास्टिकच्या जुन्या हिमबुटांची कवचे थंडीत अचानक फुटल्याची उदाहरणे आहेत, म्हणून स्वस्तात मिळणारी जुनी जोडी टाळावी. आखलेल्या उतारांबाहेर जाणाऱ्याने मात्र बीकन, प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडे स्वतःचे घ्यावे. बीकन ४५७ किलोहर्ट्झवर चालणारा, तीन अँटेनांचा असावा. फावडे धातूचे, प्रोब किमान २४० सेंमीचा. घरी परतल्यावर बीकनमधल्या बॅटऱ्या काढून ठेवाव्यात, नाहीतर पावसाळ्यात त्या पाझरून संपर्कपट्ट्या खातात. जुना बीकन घेताना झाकण उघडून त्या पट्ट्यांवर हिरवट-पांढरा थर आहे का ते पाहावे, मग दुसऱ्या बीकनशी लावून मोकळ्या मैदानात किती अंतरावरून संकेत पकडतो ते मोजावे.