दुसऱ्या राज्यातून आणलेली जुनी बोट टेक्सासमध्ये नावावर कशी करावी

फ्लोरिडाचा किनारा आणि जॉर्जियातील लेक लॅनियरसारखी मोठी तळी यांमुळे त्या दोन राज्यांत जुन्या बोटींचा बाजार मोठा आहे. ह्यूस्टन, डॅलस किंवा ऑस्टिनमध्ये राहणाऱ्या आणि पहिलीच बोट शोधणाऱ्या मराठी कुटुंबांची नजरही अनेकदा तिकडे वळते. बोट पसंत पडणे आणि भाव ठरणे हे सोपे असते. अडचण येते ती कागदांची. अमेरिकेत बोटीच्या मालकीची नोंद प्रत्येक राज्य आपापल्या पद्धतीने ठेवते, आणि एका राज्यात पुरेसे मानले जाणारे कागद दुसऱ्या राज्यातील खिडकीवर अपुरे ठरू शकतात. टेक्सासमध्ये हे काम टेक्सास पार्क्स अँड वाइल्डलाइफ विभागाकडे आहे. पैसे देण्याआधी विक्रेत्याकडून काय घ्यायचे आणि बोट आणल्यावर कोठे काय सादर करायचे, याची माहिती पुढे दिली आहे.

सर्वांत आधी लक्षात घ्यावे की जाहिरातीत ‘बोट’ म्हणून जी एक वस्तू दिसते, ती कागदोपत्री बहुधा तीन वस्तूंची बनलेली असते: बोटीचा सांगाडा म्हणजे हल, मागे बसवलेले आउटबोर्ड इंजिन आणि ट्रेलर. टेक्सासमध्ये हलचे टायटल (मालकीचा दाखला) वेगळे, आउटबोर्डचे टायटल वेगळे, आणि ट्रेलरचा तर विभागच वेगळा. इंजिन बोटीच्या आत बसवलेले असेल तर त्याला स्वतंत्र टायटल लागत नाही. फ्लोरिडात मात्र आउटबोर्डला टायटलच नसते, त्यामुळे तेथील विक्रेता इंजिनाचा कागद देऊ शकत नाही आणि त्यात त्याची काही लबाडीही नसते. ही तफावत बिल ऑफ सेलने, म्हणजे सही केलेल्या विक्री-पावतीने, भरून काढावी लागते.

टायटल आणि रजिस्ट्रेशन यांतही गल्लत करू नये. टायटल हा मालकीचा पुरावा आहे आणि कर्जाचा बोजा असेल तर तो त्यावरच नोंदवलेला असतो. रजिस्ट्रेशन म्हणजे ती बोट सार्वजनिक पाण्यात चालवता यावी यासाठी केलेली मुदतीची नोंद. टेक्सासमध्ये तिची मुदत दोन वर्षांची असते. बोट वर्षानुवर्षे अंगणात उभी असल्यामुळे रजिस्ट्रेशन संपलेले असले तरी मालकी अबाधित असू शकते. उलट चालू रजिस्ट्रेशनचे कार्ड हाती असूनही बोट बँकेकडे गहाण असू शकते.

कोणाला लागते आणि कोणाला नाही

यंत्रावर चालणारी बोट कितीही लहान असली तरी टेक्सासमध्ये तिचे टायटल व रजिस्ट्रेशन दोन्ही लागतात. शिडाच्या बोटीला ते १४ फूट लांबीपासून लागतात. वल्ह्यांवर चालणारे कॅनू आणि कयाक यांना नियम लागू नाही. पण त्यांना लहानसे विजेचे इंजिन बसवले की ती यांत्रिक बोट ठरते.

नोंदणी कोणत्या राज्यात करायची हे मालकाच्या घराच्या पत्त्यावरून नव्हे, तर बोट मुख्यतः कोठे वापरली जाते यावरून ठरते. हा केंद्रीय नियम आहे. डॅलसजवळ राहणाऱ्या कुटुंबाने लेक टेक्सोमाच्या ओक्लाहोमाकडील मरिनात (बोटी ठेवण्याच्या तळावर) बोट कायमची ठेवली, तर ती नोंद ओक्लाहोमाची होईल. मुख्य वापराचे राज्य बदलल्यावर जुन्या राज्याचा क्रमांक ६० दिवस ग्राह्य धरला जातो. मात्र ही सवलत चालू असलेल्या वैध क्रमांकासाठी आहे. मालकीचे कागद लांबणीवर टाकण्यासाठी तिचा आधार घेऊ नये.

नागरिकत्वाबद्दल एक प्रश्न हमखास विचारला जातो, त्याचे उत्तर सरळ आहे. राज्याकडून टायटल आणि रजिस्ट्रेशन घेण्यासाठी अमेरिकेचे नागरिक असावे लागत नाही. ग्रीन कार्डधारक किंवा एच-१बी व्हिसावरील व्यक्तीही आपल्या वैध छायाचित्र ओळखपत्रावर बोट नावावर करू शकते. नागरिकत्वाची अट आहे ती कोस्ट गार्डकडील केंद्रीय नोंदीला, आणि ती नोंद फक्त किमान ५ नेट टन मापाच्या (हे वजन नव्हे, आतील जागेचे माप) बोटींची होते. विकत घेतली जाणारी मोठी बोट आधीपासून अशा केंद्रीय नोंदीत असेल, तर कोस्ट गार्डच्या नॅशनल व्हेसल डॉक्युमेंटेशन सेंटरकडून तिचा मालकी-इतिहास मागवावा, त्यावरील गहाणखत फेडल्याची नोंद झाली आहे का ते पाहावे आणि नोंद रद्द झाल्याचे पत्र विक्रेत्याकडून घ्यावे. त्याशिवाय राज्याचे टायटल निघत नाही.

बोटीवरचा क्रमांक स्वतः वाचावा

१ नोव्हेंबर १९७२ नंतर बनलेल्या बोटीवर १२ अक्षर-अंकांचा हल आयडेंटिफिकेशन नंबर असणे बंधनकारक आहे. तो बोटीच्या मागच्या उभ्या पाटावर, बोटीत पुढे तोंड करून बसल्यावर उजव्या हाताला येणाऱ्या बाजूस, वरच्या कडेजवळ कोरलेला असतो. समजा एखाद्या बोटीवर ‘एक्सवायझेड १२३४५ डी ६०७’ असा काल्पनिक क्रमांक आहे. पहिली तीन अक्षरे उत्पादकाची, पुढचे पाच अंक त्या बोटीचे, ‘डी’ म्हणजे एप्रिल महिना, ‘६’ हा वर्षाचा शेवटचा अंक आणि ‘०७’ हे मॉडेलचे वर्ष. म्हणजे ही बोट एप्रिल २००६ मधली आणि मॉडेल २००७ चे. विक्रेता २०१२ चे मॉडेल सांगत असेल तर पुढची बोलणी तेथेच थांबवावीत. १९८० च्या दशकाच्या मध्यापासूनच्या बोटींवर हाच क्रमांक आणखी एका झाकलेल्या जागी उमटवलेला असतो, आणि दर्शनी क्रमांक घासून बदलला असेल तर चोरी त्यावरून उघड होते.

हा क्रमांक टायटल, रजिस्ट्रेशन आणि बिल ऑफ सेल या सर्वांवर अक्षरशः तोच असला पाहिजे. शून्य आणि ‘ओ’, पाच आणि ‘एस’ यांची अदलाबदल जुन्या कागदांवर आढळते, आणि अशी एक चूक अर्ज परत येण्यास पुरेशी असते. म्हणून क्रमांकाचा स्पष्ट फोटो काढावा आणि शक्य असल्यास त्यावर कागद ठेवून पेन्सिलने ठसाही उतरवून घ्यावा. आउटबोर्डचा अनुक्रमांक त्याला बोटीशी अडकवणाऱ्या ब्रॅकेटवरच्या पट्टीवर असतो. त्याचाही फोटो घ्यावा. ती पट्टी उपटलेली असेल तर इंजिन कितीही गोड आवाजात चालत असले तरी ते घेऊ नये, असे या लेखकाचे मत आहे.

विक्रेत्याकडून घ्यायचे कागद

फ्लोरिडाच्या बोटीला टायटल असते आणि ते पुष्कळदा कागदावर नसून राज्याच्या संगणकात असते. टेक्सासला सादर करण्यासाठी विक्रेत्याने ते छापून मागवावे. टायटलवर ज्यांची नावे आहेत त्या सर्वांनी हस्तांतरणाच्या जागी सही केलेली असावी. नवरा-बायको दोघांच्या नावे बोट असेल आणि भेटीला एकटा नवराच आला असेल, तर व्यवहार अपुरा राहू शकतो. खाडाखोड किंवा पांढरी शाई लावलेले टायटल स्वीकारू नये. जुलै २०२३ पासून फ्लोरिडात लागू झालेल्या नव्या कायद्यानुसार सांगाड्याला मोठी इजा झालेल्या बोटीच्या टायटलवर तसा शेरा असतो. सप्टेंबर २०२२ मधील इयन वादळानंतर फोर्ट मायर्सच्या परिसरात असंख्य बोटींचे नुकसान झाले, हे लक्षात घेऊन त्या भागातील स्वस्त बोट तज्ज्ञाकडून तपासून घेणे शहाणपणाचे आहे.

जॉर्जिया बोटींना टायटल देतच नाही. तेथे मालकीची साखळी सिद्ध होते ती विक्रेत्याच्या स्वतःच्या नावावरील रजिस्ट्रेशन आणि सही केलेल्या मूळ बिल ऑफ सेलवरून. यात ‘स्वतःच्या नावावरील’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. रजिस्ट्रेशन एकाच्या नावे आणि विकणारा दुसराच, ‘मी मित्राकडून घेतली, नावावर करायची राहिली’ असे सांगणारा, हा प्रकार दोन्ही राज्यांत भेटतो. अशा वेळी मधल्या माणसाने आधी ती स्वतःच्या नावावर करावी, किंवा मूळ मालकापासूनची प्रत्येक विक्रीची सही केलेली पावती द्यावी. मूळ मालक वारलेला असल्यास वारसाहक्काचे न्यायालयीन किंवा शपथपत्राचे कागद लागतात. कागद मुळीच जुळत नसतील तर टेक्सासमध्ये जामीन-रोखा देऊन टायटल मिळवण्याची सोय आहे. पण तो मार्ग अडकलेल्या माणसासाठी आहे, खरेदीआधीच पत्करण्यासाठी नव्हे.

बोटीवर कर्ज असेल तर बँकेकडून उरलेल्या रकमेचे पत्र मागवून ती रक्कम थेट बँकेत भरावी आणि बोजा उतरल्याचा मूळ दाखला हाती आल्यावरच उरलेले पैसे विक्रेत्याला द्यावेत. ‘कर्ज मी नंतर फेडतो’ या तोंडी शब्दावर विसंबू नये, कारण बोट ज्याच्या ताब्यात असेल त्याच्यामागे बोजा जातो.

बिल ऑफ सेलमध्ये दिनांक, दोन्ही पक्षांची नावे-पत्ते, हलचा क्रमांक, आउटबोर्डचा अनुक्रमांक, ट्रेलरचा व्हिन (वाहन ओळख) क्रमांक आणि तिघांच्या किमती वेगवेगळ्या लिहिलेल्या असाव्यात. एकच ठोक रक्कम लिहिली की कर आकारताना हमखास प्रश्न निघतात. विक्रेत्याची सही नोटरीसमोर करून घेतलेली बरी. प्रत्येक ठिकाणी ती सक्तीची नसली तरी शेकडो मैलांवरच्या विक्रेत्याला पुन्हा शोधण्यापेक्षा हे सोपे आहे.

टेक्सासमधील अर्ज, कर आणि शुल्क

बोटीसाठी पीडब्ल्यूडी १४३ आणि आउटबोर्डसाठी पीडब्ल्यूडी १४४ हे पार्क्स अँड वाइल्डलाइफ विभागाचे अर्ज भरावे लागतात. ऑस्टिनमधील मुख्यालय, विभागाची क्षेत्रीय कार्यालये आणि ही सेवा देणारी काही काउंटी टॅक्स कार्यालये येथे ते स्वीकारले जातात. टपालानेही पाठवता येतात, पण मूळ टायटल टपालात टाकण्याआधी दोन्ही बाजूंची प्रत ठेवावी. अर्जासोबत विक्रेत्याकडून आलेले मूळ कागद, बोजा उतरल्याचा दाखला आणि ओळखपत्राची प्रत जोडावी.

बोट आणि आउटबोर्ड यांच्या किमतीवर ६.२५ टक्के कर आहे, आणि तो खरेदीपासून किंवा दुसऱ्या राज्यात घेतली असल्यास टेक्सासमध्ये आणल्यापासून ४५ कामकाजाच्या दिवसांत भरावा लागतो. उशीर झाल्यास पहिल्या ३० दिवसांपर्यंत ५ टक्के आणि त्यापुढे १० टक्के दंड लागतो. दुसऱ्या राज्यात कर भरला असेल तर त्याची पावती दाखवून तेवढी वजावट मिळते. म्हणून ती पावती इतर कागदांइतकीच जपावी. जे कुटुंब न्यू जर्सीहून ह्यूस्टनला राहायला येताना आपली आधीपासूनची, तेथे नोंदलेली बोट सोबत आणते, त्याला हा कर नाही. त्याच्यासाठी प्रत्येक बोटीमागे व आउटबोर्डमागे १५ डॉलरचा नवरहिवासी कर आहे.

टायटलचे शुल्क २७ डॉलर आहे. रजिस्ट्रेशनचे शुल्क लांबीवर ठरते: १६ फुटांखाली ३२ डॉलर, १६ ते २६ फुटांखाली ५३, २६ ते ४० फुटांखाली ११० आणि त्यापुढे १५०. म्हणजे जॉर्जियातून १८ फुटी बोट १२,००० डॉलरला आणि तिचे आउटबोर्ड ६,००० डॉलरला घेतले, तर कराचे १,१२५, दोन टायटलचे ५४ आणि रजिस्ट्रेशनचे ५३ असे १,२३२ डॉलर होतात. ट्रेलर यात धरलेला नाही. शुल्के बदलत असतात, तेव्हा धनादेश लिहिण्याआधी कार्यालयाकडून आकडा खात्रीने घ्यावा.

ट्रेलरसाठी आपल्या काउंटीच्या टॅक्स असेसर-कलेक्टरकडे, म्हणजे कर अधिकाऱ्याकडे, १३०-यू हा अर्ज भरावा. भारासह वजन ४,००० पौंडांहून अधिक असलेल्या ट्रेलरला टायटल आवश्यक आहे. त्याखालच्या ट्रेलरला रजिस्ट्रेशन आणि नंबर प्लेट लागतेच. बोट ओढून आणताना टेक्सासच्या सार्वजनिक गोड्या पाण्यावर येण्याआधी आणि तेथून निघताना तिच्यातील व इंजिनातील सर्व पाणी काढून टाकणे कायद्याने बंधनकारक आहे. २००९ मध्ये लेक टेक्सोमात सापडलेला झेब्रा शिंपला इतर तळ्यांत पसरू नये यासाठी हा नियम आहे.

अर्ज मंजूर झाल्यावर ‘टीएक्स’ने सुरू होणारा नवा क्रमांक, रजिस्ट्रेशनचे कार्ड आणि दोन स्टिकर मिळतात. जुन्या राज्याचा क्रमांक पूर्ण काढून नवा क्रमांक बोटीच्या पुढच्या अर्ध्या भागावर दोन्ही बाजूंना लावावा: अक्षरे साधी, उभी आणि किमान ३ इंच उंच, रंग बोटीच्या रंगावर उठून दिसणारा, आणि अक्षरे व अंक यांच्यामध्ये एका अक्षराएवढी मोकळी जागा किंवा आडवी रेघ. क्रमांकाच्या मागे, त्याच ओळीत ३ इंच अंतर सोडून स्टिकर चिकटवावा. बोट पाण्यात असेपर्यंत रजिस्ट्रेशनचे कार्ड बोटीवरच ठेवावे. टायटल मात्र घरी, सुरक्षित जागी असावे.