प्रतिकार-जनुके आणि त्वचेचे संसर्ग

बुरशी, जीवाणू किंवा विषाणू त्वचेत शिरले की शरीर त्यांना कसे ओळखते आणि कसे आवरते, हे ठरवणारी जनुके सर्वांची सारखी नसतात. त्यामुळे एकाच जंतूची बाधा कुणाला होतच नाही, कुणाला सौम्य होते, तर कुणाला वर्षानुवर्षे छळते.

ठाण्यात हा प्रश्न बहुतेकदा नायट्याच्या निमित्ताने निघतो. जूनपासून न वाळणारे कपडे, लोकलमधला घाम, कळवा-मुंब्र्याच्या खोल्यांत दोरीवर सगळ्यांचा मिळून एक टॉवेल. ‘आमच्या घराण्यातच आहे हे’ असे रुग्ण सांगतो, पण बहुधा घराण्यात असतो तो टॉवेल. त्यात मेडिकलमधून परस्पर आणलेले स्टेरॉइडमिश्रित मलम. त्याने खाज थांबते आणि चट्टा पसरत राहतो. ट्रायकोफायटॉन इंडोटिनी ही अलीकडे भारतात फोफावलेली बुरशी टर्बिनाफिन या बुरशीविरोधी औषधाला अनेकदा दाद देत नाही. तिथे जनुकीय बदल असतो खरा, पण तो बुरशीच्या स्क्वालीन इपॉक्सिडेज जनुकात, रुग्णाच्या नव्हे.

रुग्णाच्या बाजूचा ठळक दोष कार्ड-९ या जनुकातला, आणि तो विरळा आहे. बुरशीच्या भित्तिकेतले बीटा-ग्लुकान हे द्रव्य डेक्टिन-१ या ग्राहीने (पेशीवरच्या, जंतू ओळखणाऱ्या प्रथिनाने) ओळखले की पुढचा निरोप कार्ड-९ पोचवते. आईवडील दोघांकडून सदोष प्रत आली तर हा निरोप पोचत नाही. मग एरवी वरच्या थरात राहणारी बुरशी खोल ऊतींत आणि लसीकाग्रंथींत उतरते, प्रसंगी जिवावर बेतते. अल्जीरिया, ट्युनिशिया व मोरोक्को येथील कुटुंबांत २०१३ मध्ये हे दाखवले गेले. नात्यातल्या लग्नांमुळे अशा दोन प्रती एकत्र येण्याची शक्यता वाढते. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल महाराष्ट्रात अनेक समाजांत आहे, म्हणून डॉक्टर तेही विचारतात.

कुष्ठरोगात आनुवंशिकतेचा वाटा याहून व्यापक आहे. कल्याणच्या पत्रीपुलाजवळच्या कुष्ठरुग्ण वसाहतीमुळे हा रोग ठाणे जिल्ह्याला परका नाही. सुमारे ९५ टक्के माणसांना या जंतूविरुद्ध नैसर्गिक प्रतिकारशक्ती असते, त्यामुळे जन्मभर एकत्र राहिलेल्या जोडप्यातही बहुधा एकालाच रोग होतो. चक्रवर्ती आणि फोगेल यांच्या १९७३ मधील भारतीय जुळ्यांच्या अभ्यासात, एकाला रोग असता दुसऱ्यालाही तो असण्याचे प्रमाण एकबीज जुळ्यांत सुमारे ६० टक्के, तर द्विबीज जुळ्यांत सुमारे २० टक्के आढळले. पुढे २००९ मध्ये चीनमधील रुग्णांच्या संपूर्ण जनुकसंचाच्या पाहणीत एनओडी-२ व आरआयपीके-२ ही प्रतिकार-जनुके आणि एचएलए-डीआर हा जनुकभाग यांतले भेद पुढे आले.

सर्वांत चमत्कारिक उदाहरण टीएलआर-१ या ग्राहीचे. त्याच्या ६०२ व्या स्थानी आयसोल्युसीनऐवजी सेरीन आले, तर ग्राही पेशीच्या पृष्ठभागावर नीट पोचत नाही. पहारा ढिला पडला म्हणजे रोग वाढावा. प्रत्यक्षात हा भेद असलेल्यांना कुष्ठरोगाचा धोका कमी दिसतो. युरोपीय वंशाच्या लोकांत हा भेद सर्रास आढळतो, भारतीयांत कमी. ‘जोरदार प्रतिकारशक्ती म्हणजे चांगली’ हा जाहिरातींतला समज इथे टिकत नाही.

इतर संसर्गांतही असे दुवे सापडले आहेत. टीएमसी-६ किंवा टीएमसी-८ हे जनुक बिघडले तर एरवी निरुपद्रवी ठरणारे काही पॅपिलोमा विषाणू अंगभर चामखिळीसारखे चट्टे उठवतात, आणि उन्हाला उघड्या भागावर पुढे कर्करोगही होऊ शकतो. स्टॅट-३ या जनुकातील दोषात स्टॅफिलोकॉकस या जीवाणूची गळवे वारंवार येतात, पण ती गरम लागत नाहीत. फिलॅग्रिन हे काटेकोरपणे प्रतिकार-जनुक नव्हे, तरी त्यातल्या दोषाने त्वचेचे आवरण कच्चे राहते, इसब होते आणि त्यावर जंतू बसतात.

साध्या नायट्यासाठी जनुकचाचणी करणे व्यर्थ आहे. लहानपणापासून पुन्हा पुन्हा येणारी गळवे, त्वचेबरोबर फुप्फुस किंवा यकृतातही पू होणे, भावंडाचा लहान वयात संसर्गाने मृत्यू अशा वेळी तिचा विचार होतो. ठाणेकरांना त्यासाठी जवळची सरकारी संशोधनसंस्था म्हणजे परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातली राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्था. जुनाट कणिकार्बुद रोगाचा (यात पांढऱ्या पेशी गिळलेले जंतू मारू शकत नाहीत) संशय असेल तर जनुकाआधी थोड्या रक्तावर डायहायड्रोरोडामाइन चाचणी करतात: पांढऱ्या पेशींना चेतवले असता त्या चमकतात की नाही, हे यंत्रावर पाहिले जाते.