मोठ्या घरगुती स्पीकरांसाठी ॲम्प्लिफायरची निवड

जमिनीवर उभे राहणारे टॉवर, हॉर्न (कर्णा) लावलेले मोठे खोके किंवा माणसाच्या उंचीचे विद्युत्‌स्थितिक पडदे (इलेक्ट्रोस्टॅटिक, यांत शंकूऐवजी विजेच्या भाराने पातळ पडदा हलतो) असे स्पीकर चालवण्यासाठी किती शक्तीचा, किती विद्युत्‌प्रवाह पुरवू शकणारा आणि कोणत्या जातीचा विवर्धक (ॲम्प्लिफायर, बोलण्यात नुसता ‘ॲम्प’) घ्यावा, हे ठरवण्याची रीत. या बाबतीत सर्वांत रुजलेला समज म्हणजे ‘मोठा स्पीकर, म्हणून मोठा ॲम्प’. प्रत्यक्षात खोका मोठा असला की तेवढ्याच आवाजाला बहुधा कमी वॅट लागतात. मात्र अशा खोक्यात दोन-तीन वूफर (खालच्या स्वरांचे स्पीकर) समांतर जोडलेले असल्याने तो प्रवाह जास्त ओढतो. त्यामुळे खोक्यावर छापलेला वॅटचा आकडा सगळ्यांत शेवटी बघायचा असतो. आधी बघायच्या त्या स्पीकरच्या दोन गोष्टी : संवेदनशीलता (दिलेल्या विजेत तो किती आवाज करतो) आणि संरोध (इंपीडन्स, म्हणजे प्रवाहाला होणारा विरोध, ओहममध्ये मोजलेला).

आकार आणि कार्यक्षमता

स्पीकर हे फार उधळे यंत्र आहे. ९० डेसिबल संवेदनशीलतेचा चांगला स्पीकरही त्याला दिलेल्या विजेचा एक टक्कासुद्धा आवाजात बदलत नाही. बाकीची सगळी वीज व्हॉइस कॉइल (शंकू हलवणारे तारेचे वेटोळे) तापवण्यात जाते. हे प्रमाण कशावर ठरते, ते अमेरिकन अभियंते जे. अँटन हॉफमन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियमात सांगितले आहे : छोटा खोका, खोल बास आणि जास्त कार्यक्षमता यांतल्या दोनच गोष्टी एका वेळी मिळतात. बास एक सप्तक खाली न्यायचा आणि कार्यक्षमता तेवढीच ठेवायची, तर खोक्याचे आकारमान आठपट करावे लागते.

घरगुती ॲम्पचा इतिहास बराचसा या नियमामागून चालत आला आहे. पॉल क्लिप्श यांचा १९४६ सालचा क्लिप्शहॉर्न हा स्पीकर खोलीच्या कोपऱ्यात बसवायचा आणि भिंतींनाच हॉर्नचा भाग बनवायचा. त्याची संवेदनशीलता शंभर डेसिबलच्या वर असल्याने त्या काळचे दहा-पंधरा वॅटचे व्हॉल्व्ह (निर्वात नळ्यांचे) ॲम्प त्याला पुरून उरत. १९५४ मध्ये एडगर व्हिल्चर यांनी एआर-१ हा बंद खोक्याचा छोटा स्पीकर आणला. बास खोल, आकार आटोपशीर, पण कार्यक्षमता अगदी कमी. असे स्पीकर घरोघर गेले तशी वॅटची भूक वाढली आणि साठच्या दशकात आलेल्या ट्रान्झिस्टर ॲम्पने ती भागवली. आजचे टॉवर या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी बसतात.

संवेदनशीलता आणि वॅटचा हिशेब

स्पीकरला २.८३ व्होल्ट दिले असता एक मीटर अंतरावर किती डेसिबल आवाज होतो, तो आकडा म्हणजे संवेदनशीलता. ८ ओहमच्या स्पीकरमध्ये २.८३ व्होल्ट म्हणजे बरोबर एक वॅट, पण ४ ओहमच्या स्पीकरमध्ये तेच दोन वॅट होतात. म्हणून माहितीपत्रकात ९० डेसिबल लिहिलेला ४ ओहमचा टॉवर खरे तर एका वॅटला ८७ डेसिबलच देतो. ही लबाडी नव्हे, मोजण्याची ती मान्य पद्धत आहे. तुलना करताना मात्र हे तीन डेसिबल विसरले जातात.

हिशेबाला लागणारे नियम थोडे आहेत. शक्ती दुप्पट केली की आवाज ३ डेसिबलने वाढतो. आवाज कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट शक्ती लागते. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की ६ डेसिबल गळतात. खोलीत भिंतींच्या परावर्तनामुळे गळती त्याहून कमी असते.

८ ओहम, ८८ डेसिबलची जोडी आणि तीन मीटरवर बसलेला श्रोता घेऊ. अंतरामुळे साडेनऊ डेसिबल गेले. दुसरा स्पीकर आणि खोली मिळून पाच-सहा परत देतात असे धरले, तर प्रत्येकी एका वॅटला श्रोत्यापर्यंत सुमारे ८४ डेसिबल पोचतात. सरासरी ८० डेसिबलवर, म्हणजे घरच्या मानाने चांगल्या खणखणीत आवाजात ऐकताना प्रत्येक स्पीकर अर्ध्या वॅटपेक्षाही कमी घेतो. पण संगीतातले क्षणिक उंचवटे सरासरीच्या १० ते २० डेसिबल वर जातात. ढोलावर टिपरू पडते त्या क्षणी १०० डेसिबल हवे असतील, तर त्या क्षणापुरते ४० वॅट लागतात. आवाज आणखी ६ डेसिबलने चढवला की तोच क्षण १६० वॅट मागतो. याच जागी ९८ डेसिबलचा हॉर्न असता, तर १६ वॅटमध्ये काम झाले असते.

याच हिशेबाने १०० वॅटचा ॲम्प सोडून १२० वॅटचा घेण्यात अर्थ नसतो. फरक एका डेसिबलहून कमी पडतो आणि तो कानाला जेमतेम कळतो.

संरोध : खरी परीक्षा इथे

स्पीकरच्या पाठीवर ‘८ ओहम’ किंवा ‘४ ओहम’ लिहिलेले असते ते नाममात्र. खरा संरोध वारंवारतेनुसार वर-खाली होतो. वायुछिद्र असलेल्या टॉवरचा आलेख काढला तर बासमध्ये उंटासारखी दोन मदारी दिसतात. त्यांच्या मधली दरी खोका ज्या वारंवारतेला जुळवलेला असतो तिथे येते. पुढे वरच्या बासमध्ये आणखी एक लांबट खळगा असतो. संगीताची बरीच शक्ती नेमकी याच पट्ट्यात असते. आंतरराष्ट्रीय विद्युत्‌तांत्रिक आयोगाच्या ६०२६८-५ या मानकानुसार किमान संरोध नाममात्र आकड्याच्या ८० टक्क्यांखाली जाऊ नये, म्हणजे ८ ओहमला ६.४ आणि ४ ओहमला ३.२. हे सगळेच पाळत नाहीत. ‘८ ओहम’ म्हणून विकलेला टॉवर मोजल्यावर साडेतीन ओहमपर्यंत उतरलेला सापडणे ही नवलाची गोष्ट नाही.

दुसरी अडचण कलेची (फेज). क्रॉसओव्हर (खालचे-वरचे स्वर वेगवेगळ्या स्पीकरांना वाटणारे मंडल) आणि खोक्यामुळे प्रवाह आणि व्होल्टेज एकमेकांच्या मागेपुढे होतात. मग व्होल्टेज शून्याजवळ असताना प्रवाह भरपूर वाहतो. अशा वेळी पुरवठ्याचे जवळजवळ सगळे व्होल्टेज ट्रान्झिस्टरवरच पडते आणि तो तापतो. ४ ओहमला ४५ अंशांची कला असलेला स्पीकर साध्या ४ ओहमच्या रोधापेक्षा ॲम्पला कितीतरी जड जातो. ऐंशीच्या दशकातला अपोजी सिंटिला हा रिबन स्पीकर एक ओहमच्या भारासाठी कुप्रसिद्ध होता. त्याच्यापुढे अनेक नावाजलेल्या ॲम्पनी मान टाकली.

ॲम्प या परीक्षेला उतरेल का, ते त्याच्या माहितीपत्रकातल्या दोन आकड्यांवरून बरेच कळते : ८ ओहमची शक्ती आणि ४ ओहमची शक्ती. आदर्श ॲम्प व्होल्टेज ढळू देत नाही, त्यामुळे ८ ओहमला १०० वॅट देणारा ४ ओहमला २०० आणि २ ओहमला ४०० वॅट देईल. ४ ओहमला १६०-१७० मिळाले तरी उत्तम. १०० चे ११० च होत असतील, किंवा ४ ओहमचा आकडा छापलेलाच नसेल, तर ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटर हात आखडून घातले आहेत असे समजावे. ४ ओहमला २०० वॅट म्हणजे शिखराला १० अँपिअर प्रवाह. तो द्यायला पुरवठा तसाच भक्कम लागतो. कमी पडला तर मोठ्या आवाजात संरक्षक रिले ‘टक्’ करून स्पीकर तोडतो आणि पाच-दहा सेकंदांनी पुन्हा जोडतो.

होम थिएटर रिसीव्हरच्या (अनेक स्पीकर चालवणाऱ्या एकत्रित ॲम्पच्या) मागे कधीकधी ‘४ ओहम / ८ ओहम’ असा खटका असतो. ४ वर टाकल्याने रिसीव्हर बळकट होत नाही. तो आतले पुरवठा-व्होल्टेज उतरवून उष्णता कमी करतो, पण त्याबरोबर शक्तीही कमी होते.

छापील वॅट

‘पीएमपीओ’ (पीक म्युझिक पॉवर आउटपुट) या नावाने हजारो वॅट लिहिण्याची एके काळी जगभर लाट होती. त्या आकड्याला कसलेही मानक नाही, त्याकडे बघूही नये. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ मध्ये घरगुती ॲम्पची शक्ती कशी मोजून जाहीर करावी याचा नियम केला, तो मुख्यतः अशाच फुगवलेल्या आकड्यांमुळे. विश्वासार्ह आकड्याबरोबर चार गोष्टी लिहिलेल्या असतात : किती ओहमला, किती वारंवारतेपर्यंत (पूर्ण पट्टा म्हणजे २० ते २०,००० हर्ट्‌झ), किती विरूपणाला (आवाजातल्या विकृतीला) आणि किती चॅनेल (एकेका स्पीकरचे स्वतंत्र मार्ग) एकाच वेळी चालवून. शेवटची गोष्ट रिसीव्हरच्या बाबतीत कळीची. ‘१०० वॅट गुणिले ७’ हा आकडा बहुधा एक किंवा दोनच चॅनेल चालवून मिळवलेला असतो. सातही एकदम चालवले की प्रत्येकाच्या वाट्याला बरेच कमी येते. मोठे टॉवर आणि आधीच घरात असलेला रिसीव्हर अशी जोडी असेल, तर प्री-आउटमधून (बाहेरच्या ॲम्पसाठीच्या जोडणीतून) फक्त पुढच्या दोन चॅनेलसाठी वेगळा पॉवर ॲम्प जोडणे हा सगळ्यांत शहाणा खर्च होय.

जाती

क्लास ए मध्ये ट्रान्झिस्टर कधीच बंद होत नाहीत. विरूपण कमी, पण ॲम्प शेगडीसारखा तापतो. क्लास एबी ही अनेक दशकांची नेहमीची जात. क्लास डी मध्ये ट्रान्झिस्टर सेकंदाला लाखो वेळा उघडझाप करतात आणि कार्यक्षमता ९० टक्क्यांच्या आसपास जाते. त्यामुळे ‘जड ॲम्प तो चांगला’ हा जुना ठोकताळा आता चालत नाही. पूर्वीच्या क्लास डी मध्ये शेवटचा फिल्टर (उघडझापीचा अवशेष गाळणारा) फीडबॅकच्या (आउटपुट तपासून चूक सुधारणाऱ्या जोडणीच्या) बाहेर राहत असे, म्हणून स्पीकर बदलला की वरचे स्वर बदलत. आता फीडबॅक फिल्टरच्या पुढून घेतात आणि ती तक्रार बरीचशी मिटली आहे.

व्हॉल्व्ह ॲम्पचा मामला वेगळा. एका ३००बी व्हॉल्व्हचा सिंगल-एंडेड ॲम्प आठेक वॅट देतो. तो हॉर्नसाठीच. शिवाय त्याचा स्वतःचा आउटपुट संरोध एक ते तीन ओहम असू शकतो. तो २ ओहम धरला आणि स्पीकर ४ ते २० ओहमच्या दरम्यान हलत असला, तर खळग्यात साडेतीन आणि मदारीवर पाऊण डेसिबल गळते. म्हणजे स्पीकरच्या स्वरपट्ट्यात जवळपास पावणेतीन डेसिबलचा चढउतार आपोआप तयार होतो. पुष्कळांना आवडणारा ‘व्हॉल्व्हचा उबदारपणा’ कित्येकदा एवढाच असतो. १९८५ मध्ये अमेरिकन ॲम्प-रचनाकार बॉब कार्व्हर यांनी आपला ट्रान्झिस्टर ॲम्प ‘स्टिरिओफाइल’ मासिकाच्या संपादकांनी निवडलेल्या महागड्या ॲम्पशी मोजमापाने इतका जुळवून दाखवला, की संपादकांना दोन्हींतला फरक ओळखता आला नाही.

डॅम्पिंग फॅक्टर (ॲम्प शंकूची हालचाल किती आवरतो, त्याचा आकडा) म्हणजे स्पीकरचा संरोध भागिले ॲम्पचा आउटपुट संरोध. जाहिरातीत तो ८०० वगैरे लिहिलेला असतो. आता हिशेब पाहा : ८ ओहमला ८०० म्हणजे ॲम्पचा ०.०१ ओहम. त्यात अडीच चौरस मिलिमीटरच्या पाच मीटर केबलचे, जाऊन-येऊन दहा मीटर तांब्याचे, सुमारे ०.०७ ओहम मिळवले की ८०० चे १०० होतात. आणि व्हॉइस कॉइलचा स्वतःचा सहाएक ओहमचा रोध या सगळ्यांवर मात करून बसलेलाच असतो. पन्नासच्या पुढे या आकड्याचा बाऊ करण्यात अर्थ नाही.

जास्त शक्ती, कमी शक्ती

छोट्या ॲम्पने ट्वीटर (वरच्या स्वरांचे छोटे स्पीकर) जळतात असे म्हणतात. ते अर्धे खरे. ॲम्प त्याच्या मर्यादेवर नेऊन आदळला की लाटेचे माथे सपाट होतात (क्लिपिंग). त्याच उंचीची चौकोनी लाट साइन लाटेच्या दुप्पट शक्ती वाहते, आणि आवाज आणखी चढवला की सरासरी वाढत राहते. ट्वीटर त्या उष्णतेने जातो, ॲम्प छोटा असल्यामुळे नव्हे. स्पीकरवर लिहिलेल्या मर्यादेपेक्षा मोठा ॲम्प वापरता येतो, मात्र आवाजाच्या बटणावर विवेकी हात हवा. याला ठळक अपवाद १९५७ चा क्वाड इएसएल हा विद्युत्‌स्थितिक स्पीकर. तो १५ वॅटच्या क्वाड २ या ॲम्पबरोबर सुखाने चालतो. जास्त व्होल्टेज दिले तर त्याच्या पडद्यात ठिणगी पडून भोके पडतात.

शक्ती वाढवण्यापेक्षा मागणी कमी करणे पुष्कळदा स्वस्त पडते. सबवूफर (फक्त खोल बासचा वेगळा स्पीकर) जोडून ८० हर्ट्‌झच्या खालचे सगळे त्याच्याकडे वळवले, तर मुख्य ॲम्पवरचा सर्वांत जड भार उतरतो. ब्रिज जोडणी हा याच्या उलट फसवा मार्ग. दोन चॅनेल जोडून वॅट वाढतात, पण प्रत्येक चॅनेलला स्पीकरचा निम्माच संरोध दिसतो. ४ ओहमचा टॉवर त्याला २ ओहमचा भासतो.

संवेदनशील स्पीकरांना शक्तीपेक्षा शांतता महत्त्वाची. शंभर डेसिबलच्या हॉर्नला कान लावला की ॲम्पची सूक्ष्म सरसर ऐकू येते, जी ८५ डेसिबलच्या स्पीकरमध्ये दबून राहते. रंगमंचावरचे व्यावसायिक ॲम्प स्वस्तात भरपूर वॅट देतात, पण त्यांचा पंखा आणि ही सरसर शांत खोलीत जाचते.

जुना ॲम्प मोठ्या स्पीकरला जोडण्याआधी मल्टिमीटर घ्यावा. आवाज शून्यावर ठेवून, स्पीकर न लावता, आउटपुटच्या दोन टोकांमधले डीसी (एकदिश) व्होल्टेज मोजावे. वीस-तीस मिलिव्होल्ट चालतात. व्होल्टमध्ये आकडा दिसला तर तो ॲम्प आधी दुरुस्तीला न्यावा, नाहीतर वूफरची कॉइल जळू शकते. ही चाचणी ट्रान्झिस्टर ॲम्पची. व्हॉल्व्ह ॲम्प भार न जोडता चालू करायचा नसतो, त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो.