लाखाचा इअरफोन, अडीच सेंटिमीटरची नळी

गणपतीला मुंबईहून आलेल्या माझ्या मावसभावाच्या पिशवीत काकीच्या गुडघ्याचं मलम होतं, कंठी होती आणि एका चपट्या डबीत लाखभर रुपयांचा इअरफोन होता. डबी उघडत तो म्हणाला, "हा ऐकलास की तुझा तो 2 हजारांचा समुद्रात टाकशील." वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या घरापासून समुद्र हाकेच्या अंतरावर, त्यामुळे तसं करणं काही अवघड नव्हतं. माझ्याकडे 20 हजारांच्या आसपासचा आणखी एक सेट होता. तिन्ही पाटावर मांडले आणि आरती आटोपल्यावर माजघरात बसलो.

ऐकायला लावलं ते गावच्या जत्रेत मी स्वतः रेकॉर्ड केलेलं दशावताराचं नाटक. सिनेमाचं गाणं स्टुडिओत मुळात कसं वाजत होतं, हे आपल्याला कुठे माहीत असतं? देवळासमोरच्या त्या मांडवात मात्र मी रात्रभर बसलो होतो. शिवाय कान तपासायला दशावताराचं साहित्य नामी. पखवाजाच्या कणीक लावलेल्या बाजूचा घुमारा तळाला, पायपेटी आणि नटाचा आवाज मध्ये, झांज सगळ्यात वर. इअरफोन कुठे कमी पडतोय ते लगेच कळतं.

पहिल्या फेरीत लाखाचा सेट सरळ जिंकला. झांजेवर झांज घासून सुटते तो क्षणही ऐकू येत होता. काकीच्याही कानात घातला. "माका ह्यो बरो वाटता," ती म्हणाली आणि भाऊ खूश झाला. पण मला एक खटकत होतं. मोबाइलचा आवाज तिन्ही वेळा एकाच रेघेवर होता, आणि चूक नेमकी तिथेच होती. प्रत्येक इअरफोनची संवेदनशीलता वेगळी असते. तेवढ्याच विजेवर एखादा दुसऱ्यापेक्षा बराच मोठ्याने वाजतो. फरक जेमतेम 1 डेसिबलचा असला तर "हा मोठा वाजतोय" असं आपल्याला जाणवतच नाही. "हा जास्त स्वच्छ वाजतोय" असं वाटतं. त्यात आपला कान सगळ्या पट्ट्या सारख्या ऐकत नाही. हळू आवाजात खर्ज आणि अगदी वरचे सूर जास्त दबतात, आवाज वाढवला की तेच भरून येतात. बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्येच याचे आलेख काढून ठेवले आहेत. दुकानदारालाही हे ठाऊक असतं, आलेख न बघता.

मग जुगाड केला. मत्स्यालयाच्या पंपाच्या नळीचा बोटभर तुकडा घेतला, एका टोकाला इअरफोन, दुसरं टोक मोबाइलच्या माइकवर घट्ट दाबलेलं. धबधब्यासारखा एकसुरी आवाज लावून तिन्ही मोजले. लाखाचा सेट माझ्या 20 हजारांच्या सेटपेक्षा 4 डेसिबल जोरात होता, म्हणजे ध्वनीची शक्ती जवळपास अडीचपट. आवाज सारखा करून, कोणता कुठला ते न सांगता काकीला पुन्हा ऐकवलं. आता तिला माझा बरा वाटला. भाऊ उठून चहा बघायला गेला. (न सांगता म्हणायचं एवढंच, कानाला आकार कळतोच. इअरफोनची खरी आंधळी परीक्षा घेणं म्हणूनच महाकठीण.)

2 हजारांचा बिचारा अजून स्पर्धेतच नव्हता. त्यात पखवाज डालड्याच्या रिकाम्या डब्यासारखा वाजत होता. दोष त्याचा नव्हता, टोकाच्या रबरी टोपीचा होता. खर्जाचे सूर उमटायला इअरफोन आणि कानाचा पडदा यांच्यामधली चिमूटभर हवा कोंडलेली लागते. केसाएवढी फट राहिली तरी दाब तिथून निसटतो आणि सगळ्यात आधी खालचे सूर जातात. टोपी नीट बसली का, हे पाहायला माझी एक युक्ती आहे. इअरफोन घालून खाजं चावायचं. डोक्यात खडी फुटल्यासारखा आवाज झाला तर कान बंद आहे, कारण हाडांतून कानाच्या नळीत आलेला आवाज बाहेर पडू न शकल्याने आतच घुमतो. मोठी टोपी चढवली आणि पखवाज परत आला. 2 हजारांत झालेली ही सुधारणा पुढच्या 98 हजारांतल्या सुधारणेपेक्षा मोठी होती, असं माझं मत. भावाचं नाही.

आता त्या कानाच्या नळीबद्दल. लहानपणी पेनाच्या टोपणावर फुंकर मारून शिट्टी वाजवलेली असते ना, कान तसाच. एका बाजूने उघडी, दुसऱ्या बाजूला पडद्याने बंद अशी साधारण अडीच सेंटिमीटरची नळी. अशा नळीत तिच्या लांबीच्या चौपट तरंगलांबीचा सूर घुमतो. हवेतला ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 345 मीटर धरला तर हा सूर 3400 हर्ट्झच्या जवळपास येतो. उघड्या तोंडाशी असलेली हवाही थोडी डोलते, त्यामुळे प्रत्यक्षात 3000 च्या आसपास. समोरचा माणूस बोलतो तेव्हा त्याच्या आवाजातली ही पट्टी आपला कान फुकटात 10 डेसिबलहून जास्त वाढवतो, आणि जन्मापासून आपण जग तसंच ऐकत आलोय.

इअरफोनने नळीचं उघडं तोंड बुजवलं की ही वाढ नाहीशी होते. नळी दोन्हीकडून बंद, घुमण्याची जागा सरकून 7-8 हजार हर्ट्झकडे. म्हणून चांगला इअरफोन बनवणारा 3000 जवळचा उंचवटा मुद्दाम परत घालतो. तो किती घालायचा, यावर सगळी कारागिरी आणि सगळी भांडणं. कमी पडला तर नट पडद्यामागून बोलल्यासारखा वाटतो, जास्त झाला तर पायपेटी किंचाळते. हार्मन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी माणसांना ऐकवून, विचारून, कोणता सूर किती जोरात हवा याची, पसंतीची एक वक्ररेषा तयार केली. आज बरेच उत्पादक तिच्या जवळपास राहतात. मोजायला कृत्रिम कान असतो, पण तो सरासरी माणसाचा. वरचा, 7-8 हजारांकडचा उंचवटा तुमच्या नळीची लांबी आणि इअरफोन किती आत गेला यावर हलतो. त्यामुळे झांज भावाच्या कानात गोड आणि माझ्या कानात टोचरी असू शकते, आणि दोघंही खरं बोलत असू शकतात.

आत आवाज काढणारी यंत्रं किती, याला मी फारसं महत्त्व देत नाही. 1991 मध्ये आलेल्या एटिमॉटिक कंपनीच्या ईआर-4 इअरफोनमध्ये श्रवणयंत्रातून आलेलं प्रत्येक बाजूला एकच बॅलन्स्ड आर्मेचर, म्हणजे चुंबकात हलणाऱ्या पात्याने आवाज काढणारं इवलंसं यंत्र, होतं. आज 64 ऑडिओच्या यू12टी मध्ये अशी 12 आहेत, तर सेनहायझरच्या आयई 900 मध्ये 7 मिलिमीटरचा एकच डायनॅमिक ड्रायव्हर, म्हणजे स्पीकरसारखा हलणारा पडदा. दोन्ही महागड्या रांगेतलेच. किमतीचंही तसंच. जेरोन ब्रेबार्ट या संशोधकाने 2017 मध्ये 283 हेडफोनांची मोजमापं त्यांच्या किमतींशी ताडून पाहिली, तर संबंध सापडला नाही.

तरीही लाखाच्या सेटमध्ये काहीतरी होतं. नाटकात संकासुर राक्षस येतो तेव्हा सगळी वाद्यं एकदम उठतात, त्या गदारोळात पेटी वेगळी राहत होती. ते नीट पारखायचं म्हणून विसर्जनानंतर पुन्हा बसलो, तर त्याची डावी बाजू मंद. झांज जवळजवळ गायब. दमट हवेने जाळीत पाणी धरलं असणार, असं म्हणून भावाची डबी रात्रभर सिलिका जेलच्या पुड्यांत ठेवली. सकाळीही तेच. त्याचं तोंड उतरलं. दुसऱ्या दिवशी सहज माझा 20 हजारांचा घातला, तोही डावीकडे मंद. 2 हजारांचाही.

मूर्तीबरोबर मी छातीभर पाण्यात गेलो होतो. कानातला मळ पाण्याने फुगतो आणि नळी बुजवतो. डॉक्टरांनी दोन मिनिटांत काढला. दवाखान्याबाहेर आलो तर पावसाचा पत्र्यावरचा आवाज दोन्ही बाजूंनी सारखा येत होता. भावाला फोन केला, म्हटलं सेट चांगला आहे, आज रात्री परत लावू. पण त्याची रजा संपली होती. तुतारी एक्स्प्रेसने कणकवली मागे टाकली होती आणि डबी त्याच्या खिशात होती.