दोन सीटच्या गाडीतला अग्निशामक: वेल्क्रोच्या पट्ट्यावर भरवसा नको

‘आग विझवायचा सिलिंडर जेमतेम एक किलोचा, वेल्क्रोने रोलबारला (गाडी उलटली तर डोकं वाचवणाऱ्या सीटमागच्या कमानीला) बांधला की झालं.’ माझदा मिआटासारख्या छोट्या स्पोर्ट्स कारबद्दल हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतो आहे. तो धोक्याचा आहे.

एक किलो ही आतली पावडर. धातूचं भांडं धरून वजन दोन किलोंच्या आसपास जातं. ताशी ५० किमी वेगातली गाडी अर्ध्या मीटरात थांबली, तर सरासरी २० जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या वीसपट, इतका झटका बसतो. म्हणजे पट्ट्यावर ४० किलोंचा ओढा, आणि रोलबार नेमका डोक्याच्या मागे! शर्यतींसाठी एफआयए या जागतिक मोटर संघटनेचा नियम २५ जी सोसणारी सिलिंडरची बैठक, किमान दोन झटपट सुटणारे धातूचे पट्टे आणि सिलिंडर पुढे निसटू नये म्हणून अडसर मागतो. रस्त्यावरच्या गाडीलाही हेच माप लावावं.

मिआटात उत्तम जागा म्हणजे शेजारच्या सीटच्या पुढच्या कडेखाली, आडवी. सीटच्या पुढच्या बोल्टांवर बसणारी पोलादी पट्टी घ्या, म्हणजे फरशीला भोक पाडावं लागत नाही (खालून ब्रेकच्या आणि पेट्रोलच्या नळ्या जातात). बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कनेच (आवळण्याच्या नेमक्या जोरानेच) आवळा. सीट पूर्ण पुढेमागे सरकवून काही अडतं का पाहा. मग बेल्ट लावूनच हात पोचतो का, तेही तपासा. डिकीत ठेवलेला सिलिंडर ऐनवेळी उपयोगाचा नाही.

सिलिंडरवरचा दाबाचा काटा दर महिन्याला पाहा. इंजिनाला आग लागली तर बॉनेट सताड उघडू नका, हवा मिळून आग भडकते. फटीतूनच फवारा मारा. तो दहाएक सेकंदांतच संपतो.