बहुविकलांगांच्या सेवा वेगवेगळ्या खात्यांत का विखुरल्या : पार्श्वभूमी

सेरेब्रल पाल्सीबरोबर (मेंदूतील दोषामुळे हालचालींवर नीट ताबा नसणे) बौद्धिक अक्षमता आणि फिट्सही असलेल्या मुलाच्या आईची प्लास्टिकची पिशवी उघडली, की या प्रश्नाचे मूळ दिसते. प्रमाणपत्र जिल्हा शल्यचिकित्सकांचे, संजय गांधी निराधार योजनेचे प्रकरण तहसीलमधले, विशेष शाळेची कागदपत्रे जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाकडची. मूल एकच, पण प्रत्येक खिडकीवर त्याची कहाणी नव्याने सांगावी लागते.

१९९५ च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे सात प्रकार ठरवले आणि टक्केवारी हे मोजमाप मानले. माणसाला रोज किती आणि कोणाचा आधार लागतो, हे त्यात कुठेच मोजले जात नव्हते. पालकांची खरी विवंचना मात्र 'आमच्या पश्चात याचे कोण पाहणार' ही होती. शिवाय मूल अठरा वर्षांचे झाले, की आईवडिलांचे नैसर्गिक पालकत्व कायद्याने संपते आणि बँक त्यांची सही चालवून घेत नाही. या निकडीतून १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आला. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यासाठीच असलेल्या या कायद्याने कायदेशीर पालक नेमण्याचा अधिकार जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती यांच्या स्थानिक स्तर समितीला दिला. न्यायालयाची पायरी टळली, ही त्याची मोठी कमाई.

संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराला भारताने २००७ मध्ये मान्यता दिली. त्याला अनुसरून झालेल्या २०१६ च्या कायद्यात प्रकार एकवीस झाले आणि 'उच्च आधाराची गरज' ही कल्पना प्रथमच आली. कलम ३८ नुसार अशी व्यक्ती स्वतः किंवा तिच्या वतीने कोणी अर्ज करू शकते आणि मूल्यांकन मंडळ आधाराचे स्वरूप ठरवते. पण तो आधार द्यायचा तो 'संबंधित योजनांच्या अधीन राहून'. योजनाच नसेल तर मंडळाचा अहवाल फाइलीत पडून राहतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तर मानसिक आजाराच्या व्याख्येतून बौद्धिक अक्षमता वगळली. व्याख्या म्हणून ते योग्यच, पण ज्याला दोन्ही आहे त्याला दोन मंत्रालयांच्या दारात उभे राहणे आले.

महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापला. मात्र प्रमाणपत्र देणारे शल्यचिकित्सक सार्वजनिक आरोग्य खात्याकडेच राहिले आणि निराधार योजनेचा अर्ज आजही तहसील कार्यालयाकडेच जातो.