झारीनाचं माहेर आणि येकातेरिनबर्गची हाडं

१५ मार्च १९१७. प्स्कोव्ह स्थानकात उभ्या असलेल्या आपल्या खास आगगाडीत झार निकोलस दुसरा याने शल्यविशारद फ्योदोरोव्ह यांना बोलावून घेतलं. सेनापतींच्या तारांचा ढीग पडला होता आणि सगळ्यांचं म्हणणं एकच होतं : गादी सोडा. निकोलसने ते मान्यही केलं होतं. त्याच्यामागे बारा वर्षांचा अलेक्सेई झार होणार, हेही ठरलं होतं. डॉक्टरांना त्याला एवढंच विचारायचं होतं, की पोराचा आजार कधी बरा होईल का. डॉक्टरांनी नाही म्हणून सांगितलं. त्या रात्री निकोलसने राजीनामा लिहिला तो स्वतःचा आणि मुलाचाही. गादी धाकट्या भावाला, मिखाईलला देऊ केली. त्याने दुसऱ्याच दिवशी ती घ्यायला नकार दिला आणि १६१३ पासून चालत आलेलं रोमानोव्ह घराण्याचं राज्य संपलं. (अल्पवयीन मुलाच्या वतीने गादी सोडण्याचा अधिकार बापाला होता का, यावर कायदेपंडित नंतर पुष्कळ भांडले. तोवर भांडणाला काही अर्थ उरला नव्हता.)

तो आजार म्हणजे हिमोफिलिया. रक्त गोठायला जी प्रथिनं लागतात, त्यांतलं एखादं शरीरात नीट तयारच होत नाही. बाहेरची जखम निदान दिसते तरी. खरा धोका आतल्या रक्तस्रावाचा असतो. गुडघ्यात, मांडीत, पोटात रक्त साचत राहतं, सांधे आखडतात, वेदना असह्य होतात. अलेक्सेई जन्मला १९०४ च्या ऑगस्टमध्ये. काही आठवड्यांतच त्याच्या बेंबीतून रक्त यायला लागलं, ते लवकर थांबेना, आणि आईला काय ते कळून चुकलं. तिने हा आजार माहेरी पाहिला होता. झारीना अलेक्झांड्रा ही इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियाची नात, राणीची मुलगी अॅलिस हिची लेक. राणीचा एक मुलगा लिओपोल्ड या आजाराने ग्रस्त होता आणि अलेक्झांड्राचा एक भाऊ लहानपणीच पडून, रक्तस्राव होऊन गेला होता.

दोष एक्स गुणसूत्रावर असतो. बाईकडे एक्स दोन, त्यामुळे एक बिघडला तरी दुसरा काम भागवतो. ती स्वतः धडधाकट राहते आणि दोष मात्र पुढे नेते. पुरुषाकडे एक्स एकच, तोही आईकडून आलेला. वाहक आईच्या प्रत्येक मुलाला आजार होण्याची आणि प्रत्येक मुलीने वाहक होण्याची शक्यता निम्मी असते. आधी ओळीने चार मुली, ओल्गा, तात्याना, मारिया, अनास्तासिया. आणि ज्याच्यासाठी सगळा दरबार डोळे लावून बसला होता, तो मुलगा नेमका वाईट निम्म्यात निघाला.

युवराजाचा आजार जनतेपासून लपवला गेला. म्हणून रास्पुतिन नावाचा सायबेरियन बैरागी राजवाड्यात कशाला येतो, याचं खरं कारणही कुणाला सांगता येईना, आणि जिथे कारण सांगत नाहीत तिथे लोक आपल्या मनाची कारणं भरतात. १९१२ मध्ये पोलंडमधल्या स्पाला इथे अलेक्सेई मरणाच्या दारात होता, त्याच्या प्रकृतीची पत्रकं निघू लागली होती. तेव्हा मुलगा मरणार नाही अशी रास्पुतिनची तार आली आणि नंतर रक्तस्राव थांबला. आपोआप थांबला असावा, असंच आज कुणीही म्हणेल. आईला ते पटणं शक्य नव्हतं. १९१५ मध्ये निकोलस सैन्याचं सेनापतिपद स्वतःकडे घेऊन आघाडीकडे गेला, मागे राजधानीत झारीनाचा शब्द चालू लागला आणि तिच्यापाशी रास्पुतिनचा.

तरीही ‘एका जनुकाने साम्राज्य पाडलं’ हे आकर्षक वाक्य मला पटत नाही. व्हिक्टोरियाच्या दुसऱ्या नातीमुळे हाच आजार स्पेनच्या युवराजालाही झाला होता. तिथली राजेशाही १९३१ मध्ये गेली आणि त्याचं खापर कुणी जनुकावर फोडत नाही. पेट्रोग्राडमध्ये बायका रस्त्यावर उतरल्या त्या पावासाठी, सैनिक उलटले ते युद्धाला कंटाळून. आजाराने राजाला एकलकोंडा आणि हट्टी केलं असेल. राज्य पडायला त्याहून बरंच काही लागलं.

पुढचं सर्वांना ठाऊक आहे. १६ आणि १७ जुलै १९१८ च्या मधल्या रात्री येकातेरिनबर्गमध्ये, इपातिएव्ह नावाच्या अभियंत्याच्या घराच्या तळघरात अकरा जणांना गोळ्या घातल्या गेल्या : झार, झारीना, पाच मुलं, डॉक्टर बोटकिन, दासी, आचारी आणि खिदमतगार. प्रेतं आधी एका खाणीत टाकली, मग बाहेर काढून जंगलातल्या रस्त्याखाली पुरली. ओळख पटू नये म्हणून त्यांवर गंधकाम्ल ओतलं. मारेकऱ्यांचा म्होरक्या युरोव्स्की याने लिहून ठेवलं, की दोन प्रेतं वेगळी जाळली. ही जागा भूगर्भशास्त्रज्ञ अवदोनिन आणि चित्रपटकार र्‍याबोव्ह यांनी १९७९ मध्येच हुडकली होती. पण ब्रेझनेव्हच्या रशियात असला शोध जाहीर करणं म्हणजे आगीत हात घालणं, म्हणून त्यांनी खड्डा पुन्हा बुजवला. १९९१ मध्ये सरकारी उत्खनन झालं तेव्हा सांगाडे निघाले नऊ.

इथून विज्ञानाची खरी गोष्ट सुरू होते. १९९२ मध्ये पावेल इवानोव्ह हे रशियन शास्त्रज्ञ हाडांचे नमुने घेऊन इंग्लंडमध्ये पीटर गिल यांच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत गेले. गिल यांनी आधी पेशीकेंद्रातला डीएनए तपासून नाती लावली. आई, बाप आणि तीन मुली असं एक कुटुंब निघालं, बाकीचे चौघे परके. पण कुटुंब कुणाचंही असू शकतं. ते रोमानोव्हच, हे सिद्ध करायला जिवंत नातेवाईक हवे होते, आणि मधे पाऊण शतक गेलेलं.

मदतीला आली तंतुकणिका, म्हणजे मायटोकाँड्रिया. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या या कणिकांकडे स्वतःचा छोटासा डीएनए असतो, सुमारे १६,५६९ अक्षरांचा (डीएनएचा मजकूर ‘ए’, ‘सी’, ‘जी’, ‘टी’ या चार रासायनिक अक्षरांत लिहिलेला असतो). एका पेशीत पेशीकेंद्रातल्या डीएनएच्या दोनच प्रती असतात, याच्या शेकडो ते हजारो. त्यामुळे आम्लाने आणि काळाने खाल्लेल्या हाडातही थोडाफार शिल्लक राहतो. आणि तो फक्त आईकडून येतो. अगदी स्त्रीधनासारखा : आई सगळ्या लेकरांना देते, पण पुढच्या पिढीला देऊ शकतात त्या फक्त लेकी. राजघराण्यांच्या वंशावळी बापाकडून मोजलेल्या असतात. इथे मात्र माहेरांची साखळी शोधावी लागली.

अलेक्झांड्राची थोरली बहीण व्हिक्टोरिया, तिची मुलगी अॅलिस, आणि अॅलिसचा मुलगा म्हणजे ब्रिटनच्या राणी एलिझाबेथचे पती प्रिन्स फिलिप. त्यांनी रक्ताचा नमुना दिला. सांगाड्यांतली आई आणि तीन मुली यांची तंतुकणिकांमधली अक्षरं फिलिप यांच्याशी जुळली. राणी व्हिक्टोरियाकडून याच साखळीने दोन गोष्टी उतरत आल्या होत्या. हिमोफिलियाचा दोष प्रत्येक पायरीवर निम्म्या शक्यतेने गळत होता, म्हणून तो फिलिप यांच्यापर्यंत पोहोचला नाही. तंतुकणिकांचा डीएनए मात्र गळत नाही, तो पोहोचला.

झारच्या बाबतीत घोटाळा झाला. त्याची आई डेन्मार्कची राजकन्या, तेव्हा तिच्या बाजूचे दोन नातेवाईक गाठले. सगळी अक्षरं जुळली, एका जागी सोडून. १६१६९ क्रमांकाच्या जागी नातेवाइकांकडे ‘टी’ होता. हाडात मात्र ‘सी’ आणि ‘टी’ दोन्ही दिसत होते, ‘सी’ जास्त. एकाच माणसात तंतुकणिकांच्या दोन जाती? तेव्हा हे इतकं दुर्मीळ मानलं जाई, की नमुन्यात भेसळ झाली असणार, असं म्हणायला टीकाकारांना आयतं कोलीत मिळालं. गिल यांचा अहवाल खात्री देत होता ९८.५ टक्क्यांची. झारच्या हाडांसाठी उरलेला दीड टक्का फार मोठा होता.

यावर तोडगा निघाला निकोलसच्या धाकट्या भावाकडून. हा भाऊ, गिऑर्गी, १८९० मध्ये निकोलसबरोबर जहाजाने पूर्वेच्या सफरीला निघाला होता. दोघे मुंबईपर्यंत आले. तिथे गिऑर्गीची तब्येत इतकी ढासळली, की त्याला परत फिरावं लागलं आणि निकोलस पुढे हिंदुस्थान पाहायला निघाला. गिऑर्गी १८९९ मध्ये क्षयाने गेला आणि सेंट पीटर्सबर्गच्या पीटर-पॉल कॅथेड्रलमध्ये रीतसर पुरला गेला. त्याच्या हाडांच्या ओळखीबद्दल शंका घ्यायला कुणालाच जागा नव्हती. १९९४ मध्ये त्याची कबर उघडली आणि अमेरिकी लष्कराच्या डीएनए प्रयोगशाळेत तपासणी झाली. १६१६९ व्या जागी त्याच्याकडेही ‘सी’ आणि ‘टी’ दोन्ही निघाले, प्रमाण तेवढं वेगळं. म्हणजे बदल त्यांच्या आईकडूनच दोघांना मिश्र स्वरूपात आला होता. जी विसंगती पुराव्यातलं भोक वाटत होती, ती सर्वांत भक्कम खूण ठरली, कारण अशी खूण दुसऱ्या कुणाच्या हाडात योगायोगाने सापडणं जवळपास अशक्य. आज अशी सरमिसळ अनेक निरोगी माणसांत आढळते हे माहीत आहे, आणि न्यायवैद्यकाला तिची दखल घ्यायला लावण्यात या प्रकरणाचा मोठा वाटा आहे.

गिऑर्गी मुंबईहून परतला त्याच सफरीत, मे १८९१ मध्ये, जपानमधल्या ओत्सु गावी पहाऱ्यावरच्याच एका पोलिसाने निकोलसवर तलवार चालवली. कपाळावर जखम झाली, जीव वाचला. रक्ताने माखलेला सदरा जपून ठेवला गेला आणि पुढे हर्मिटाज संग्रहालयात राहिला. शंभराहून अधिक वर्षांनी शास्त्रज्ञ रोगाएव्ह यांच्या गटाने त्या डागांतून डीएनए काढला आणि तो हाडांशी ताडून पाहिला. जुळला. निकोलस जिवंत असतानाचा, नक्की त्याचाच असा नमुना यापेक्षा चांगला मिळणार नव्हता.

दरम्यान आपणच अनास्तासिया असं सांगणाऱ्या अॅना अँडरसनचाही निकाल लागला. १९२० मध्ये बर्लिनच्या कालव्यातून वाचवलेली ही बाई १९८४ मध्ये अमेरिकेत वारली आणि तिचं दहन झालं. पण एका जुन्या शस्त्रक्रियेत काढलेला तिच्या आतड्याचा तुकडा रुग्णालयात राहिला होता. तो रोमानोव्हांशी जुळला नाही. जुळला तो फ्रान्झिस्का शान्झकोव्स्का या पोलिश कामगार बाईच्या नातलगाशी. तिचे दावे ऐकून भारावलेल्यांनी तेवढ्याने माघार घेतली, असं मात्र नाही.

न सापडलेली दोन मुलं २००७ मध्ये मिळाली, पहिल्या खड्ड्यापासून सुमारे सत्तर मीटरवर, जळक्या हाडांचे ४४ तुकडे. युरोव्स्कीचं टिपण खरं निघालं. त्यांत एक मुलगा होता आणि त्याचं वाय गुणसूत्र, जे बापाकडूनच मुलाला मिळतं, निकोलसच्या गुणसूत्राशी तंतोतंत जुळलं.

आता आजाराचंही नाव गाव कळलं. २००९ मध्ये रोगाएव्ह यांच्या गटाला अलेक्सेईच्या हाडात एफ-९ या, रक्त गोठवणारं एक प्रथिन बनवणाऱ्या जनुकातला बिघाड सापडला. जनुकाच्या मजकुरात जिथे एक तुकडा संपून दुसरा जोडायचा असतो, त्या सांध्याच्या जरा अलीकडे एका ‘ए’च्या जागी ‘जी’ आला होता. पेशी त्यामुळे चुकीच्या ठिकाणी जोड मारते आणि संदेशात दोन अक्षरं जादा शिरतात. हा संदेश तीन-तीन अक्षरांनी वाचायचा असतो, तेव्हा दोन अक्षरं घुसल्यावर पुढचं सगळं वाचन बिघडतं आणि प्रथिन अर्ध्यातच तुटतं. हा हिमोफिलिया-बी, त्याच्या दुसऱ्या प्रकाराहून बराच विरळा. हे दोन आजार निराळे आहेत हे वैद्यकाला कळलं १९५२ मध्ये, आणि गोठण्याचं नेमकं प्रथिन टोचून देण्याची सोय त्याहूनही नंतरची. फ्योदोरोव्हांनी झारला दिलेलं उत्तर १९१७ च्या मापाने अचूक होतं.

अलेक्झांड्राच्या हाडात बिघडलेला आणि चांगला असे दोन्ही नमुने निघाले, म्हणजे ती वाहक होती. एक मुलगीही वाहक होती. ती कोणती, याचं उत्तर तुम्ही कोणाला विचारता त्यावर ठरतं. चौघी बहिणींची तंतुकणिका एकच, आणि प्रत्येकीचा नाव लावलेला वेगळा नमुना कुणी जपलेला नाही. त्यामुळे डीएनए ‘ही निकोलसची मुलगी’ एवढं ठामपणे सांगतो आणि तिथे थांबतो. मग कवट्या छायाचित्रांशी ताडून रशियन तज्ज्ञांनी ठरवलं, की १९९१ मध्ये न सापडलेली मुलगी मारिया. अमेरिकी मानवशास्त्रज्ञ विल्यम मेपल्स यांनी हाडांच्या वाढीवरून ती अनास्तासिया असल्याचं सांगितलं. रशियन यादी मानली तर वाहक ठरते अनास्तासिया. मेपल्स यांचं मानलं तर त्याच हाडांना मारिया म्हणावं लागतं.